धवलारणीचा गळा

शुद्धीवर आल्यापासून सत्यवती बोलत होती आणि ऐकू काहीच येत नव्हतं. ओठ हलत, नुसती हवा बाहेर पडे. तिचा नवरा धर्मा म्हात्रे, एरवी तोंडाचा पट्टा न थांबणारा माणूस, खाटेशी बसून तिचे ओठ वाचू पाहत होता.

सत्यवती खारेपाटातली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात देवांना आवतण जायचं ते तिच्या धवल्यांनी, म्हणजे लग्नविधीच्या गाण्यांनी, आणि मांडवातल्या माइकवाल्याला ती चक्क हाकलून द्यायची. गळ्यातली थायरॉइडची गाठ श्वासनलिकेवर दाबू लागली, उंच सुरात दम तुटायला लागला, तेव्हा कुठे बाई ऑपरेशनला तयार झाली. वैशाखात लेकीचं, प्राप्तीचं लग्न होतं. त्या मांडवात दुसरी धवलारीण खपणार नाही, असं तिने बजावून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर ऋतिका आल्या. दुर्बिणीने घसा पाहिला आणि खुर्ची ओढून बसल्या. धर्मा सावरून बसला. डॉक्टर लोक उगाच बसत नाहीत.

"आवाजाची नस गाठीला घट्ट चिकटली होती. सोडवताना ताणली गेली. तुटलेली नाही. बोलणं बहुधा सुधारेल, पण सहा महिने वाट पाहावी लागेल."

"आन गाना?"

"गाणं?" डॉक्टर दचकल्या. "या गातात?"

"धवलारीण हाय ती! पुढच्या महिन्यान लेकीचा लगीन हाय!"

डॉक्टरांनी फाइल उघडली. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी विचारलं होतं तुम्हाला. शिकवणं, गाणं, आवाजावरचं काही काम आहे का? गाणाऱ्या माणसाला मी मुंबईला पाठवते. ऑपरेशन चालू असताना नस दाखवणारं यंत्र तिथे आहे, इथे नाही. तुम्ही म्हणालात, 'काही काम नाही, घरीच असते.' हे बघा, लिहून ठेवलंय."

धर्माला लख्ख आठवलं. सत्यवती तेव्हा रक्त तपासायला गेली होती आणि तो हसतहसत म्हणाला होता, "कसला काम? घरानच असते." त्यात लबाडी नव्हती. लुगडं-नारळ घेऊन लोकांच्या मांडवात गायचं, त्याला तीस वर्षांत त्याने कधी काम म्हटलंच नव्हतं. आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

सत्यवतीने त्याचा हात ओढला. जिचा आवाज मिठागरापलीकडच्या गावात ऐकू जायचा, तिच्या ओठांना त्याला कान लावावा लागला.

"मी घरानच असते?" तिने विचारलं.