सगळ्यांच्या मागे

“बाबा, थांबा! मागे बघा!”

लेक जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि कप्तान आपले संथपणे वल्हे मारत पुढेच चालले होते. तळ्याच्या मधोमध, वल्हवायला शिकणाऱ्या शिंपीणबाईंची कयाक, ती एकट्याने बसायची अरुंद नाव, उलटली होती. डोंगरावरचा बर्फ वितळून आलेले ते पाणी; त्यात पडले की श्वासच कोंडतो. लेकीने कसेबसे गाठून बाईंना धरून ठेवले. वळणावर कप्तानांनी सहज मान वळवली, तेव्हा कुठे त्यांना ती पालथी नाव दिसली.

किनाऱ्यावर बाई घोंगडीत कुडकुडत होत्या. “मी तुम्हालाच हाका मारत होते हो,” एवढेच म्हणाल्या. त्या चिडल्या असत्या तर कप्तानांना बरे वाटले असते.

त्यांनी जहाज कधी चालवले नव्हते. ‘कप्तान’ हे नाव कयाक शिकायला येणाऱ्यांनीच ठेवलेले. उभी हयात याच तळ्यावर गेली. त्यांची नाव कायम पुढे. मागे न बघता, नुसत्या वल्ह्यांच्या आवाजावरून कोण दमले, कोण घाबरले हे ते ओळखत. लेकीने कानात घालायची रबरी बुचे आणि कान झाकणारी टोपी आणून दिली होती. “कान बंद करून शिकवू काय?” म्हणत त्यांनी ती खुंटीला लावली. अलीकडे पाण्यातून आल्यावर कानांना दिवसभर दडे बसलेले असत. लेक काही बोलली की ते हसून मान डोलवत. तिला वाटे, बाबा वयानुसार मवाळ झाले.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ आत पाहिले.

“थंड पाणी आणि वारा वर्षानुवर्षे लागत राहिला की कानाच्या नळीत हाड वाढतं. तुमची वाट बुजत आलीय. पाणी आत अडकतं, पू होतो.”

“बुचं घातली असती तर?”

“एवढं वाढलं नसतं.”

बाहेर आल्यावर लेकीने त्यांचा हात धरून रस्ता ओलांडला, आणि त्यांनी तो धरू दिला.

शस्त्रक्रियेत हाड कोरून काढले. उजवा कान उघडला. डाव्याच्या आतलेच ऐकणे गेले होते, ते परत आले नाही. घरी कुणी हाक मारली की ते भलत्याच खोलीत जाऊन उभे राहत.

“आवाज येतो गं,” ते एकदा म्हणाले, “पण कुठून, ते कळत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर ते तळ्यावर आले. आधी स्वतःच्या कानांत बुचे बसवली, टोपी ओढली, मग एकेकाच्या कानांत नीट बसलीत का ते पाहिले. शिंपीणबाईही आल्या होत्या.

लेक नाव धरून थांबली. “चला बाबा, व्हा पुढे.”

“तू हो.”

“मी? आणि तुम्ही?”

“मी सगळ्यांच्या मागे. तिथून सगळे दिसतात.”

लेक पुढे झाली. एकामागून एक नावा निघाल्या.

बरेच अंतर गेल्यावर शिंपीणबाईंनी वल्हे थांबवून मागे वळून पाहिले. कप्तानांनी आपले वल्हे उंच धरून दाखवले. बाईंनी मान पुढे वळवली आणि पाण्यात वल्हे घातले.