कपाळावरचं टेंगूळ

मी हेराल्ड मोटारगाडी बोलतेय. तुम्ही निवांत बसून ऐका. मला मात्र स्वस्थ उभं राहवत नाही. चाकं असलेल्या जिवाला एका जागी ठेवलं की त्याच्या डोक्यात नाही नाही ते येतं, आणि मी तर कित्येक वर्षं नुसती उभीच होते. तेव्हा सांगताना मध्येच तापले, घाई केली, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म इथलाच, मद्रासचा. चेन्नई म्हणायची पद्धत तेव्हा नव्हती. चार दारं, फिकट हिरवा रंग, आणि सगळ्यांनी वळून पाहावं असं तोंड. माझं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नाही. दोन्ही बाजूंचे मडगार्ड आणि दिवे घेऊन ते अख्खं पुढे उघडतं. माझे पहिले मालक डॉक्टर होते. त्यांनी मला जपलं, पण परदेशी जायची वेळ आली तेव्हा एकदा मागे वळूनही पाहिलं नाही. माणसांचं हे असं असतं, म्हणून मी तेव्हाच मन घट्ट केलं होतं.

मग मी सत्यनारायणरावांकडे आले. मूळचं तंजावरकडचं मराठी घर, राहणार पेरांबूरला. घरात मराठी, गल्लीत तमिळ, आणि रागावलं की दोन्ही. राव एन्नोरच्या वीजकेंद्रात नोकरीला. घरात त्यांची आई राजसबाई आणि नुकतीच लग्न होऊन आलेली सुंदरी. राजसबाई कडक. सांबार हा आमच्याच तंजावरच्या राजवाड्यात पहिल्यांदा शिजला, असं त्या येईल त्याला ऐकवायच्या आणि मग वाढायच्या. बिघडलेला सांबार आणि बिघडलेली सून, दोन्ही त्यांना खपत नसत.

त्या वर्षीची आयुधपूजा मला अजून आठवते. या शहरात त्या दिवशी रिक्षापासून क्रेनपर्यंत सगळ्यांची पूजा होते. मलाही न्हाऊमाखू घातलं, समोर केळीचे खुंट बांधले, चाकांखाली लिंबं ठेवली. सुंदरीनं माझ्या बॉनेटवर, बरोबर मधोमध, ओल्या चंदनाचा गोल काढला आणि वर कुंकू लावलं. डॉक्टरांकडे माझी अशी पूजा कधी झाली नव्हती. मला भरून आलं, आणि आधी घट्ट केलेलं मन तिथेच सैल पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाहिलं, तर कुंकवाचा ओघळ पार खालपर्यंत वाळला होता. मुलगी टापटिपीची. ओलं फडकं आणलं आणि एका हातासरशी सगळं पुसून टाकलं. कुणी पाहिलं नाही. राव तिनं दिलेला जेवणाचा डबा शेजारच्या सीटवर ठेवून कामाला निघाले, आणि एन्नोरच्या रस्त्यावर आम्ही धडकलो. माझा डावा मडगार्ड आत गेला. रावांची भुवई फुटली, टाके पडले. मला तिथूनच ओढत गॅरेजात नेलं.

घरी रावांनी सांगितलं, "रेडा आडवा आला."

सकाळी निघताना माझं कपाळ कोरं दिसलं होतं ते आठवून राजसबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "गाडीचें कुंकू कोण पुसलें?"

सुंदरी मान खाली घालून आत निघून गेली. यमराज कशावर बसून येतो हे तिला कुणी नव्यानं सांगायला नको होतं. मला हे सारं नंतर कळलं, अंगणात उभी असताना राजसबाई शेजारणींना सांगत बसायच्या तेव्हा. आणि जे ऐकलं त्यानं माझा जीव नुसता तडफडला, कारण रस्त्यावर रेडा नव्हताच! मी तिथे होते. मला माहीत होतं काय झालं ते. पण मला हॉर्न आहे, तोंड नाही.

गॅरेजवाल्यानं खळगा नीट ठोकून काढायचा कंटाळा केला. वरून पुट्टी थापली, घासली, रंग मारला. मी घरी आले ती वरकरणी धडधाकट. तेव्हापासून सुंदरीनं माझं कुंकू पुसू दिलं नाही. दर आयुधपूजेला त्याच जागी चंदन, त्याच जागी कुंकू. गाडी धुवायची ती तेवढा गोल सोडून. नवा रंग द्यायची वेळ आली की ती स्वतः रंगाऱ्यासमोर उभी राहायची आणि तेवढी जागा न घासता तशीच वरून रंगवून घ्यायची. हिरव्यावर निळा आला, निळ्यावर सायीचा रंग, सायीवर मरून, आणि प्रत्येक रंगाच्या पोटात एक कुंकू. शिकलेली बाई, शाळेत मुलांना विज्ञान शिकवायची, पण इथे तिचं काही चालत नव्हतं.

ओल्या चंदनावर रंग चढवला की आत ओल कोंडते. त्यात एन्नोरची खारी हवा. माझ्या कपाळावर हळूहळू टेंगूळ आलं. बाहेरून गुळगुळीत आणि आतून खात खात जाणारं. मला ती खाज रात्रंदिवस जाणवायची.

राजसबाई गेल्या. राव निवृत्त झाले. मग मला ताडपत्रीखाली ढकललं आणि विसरले. मांजरीनं मागच्या सीटवर दोनदा पिलं घातली, तेवढीच काय ती सोबत. उंदरांबद्दल मी बोलत नाही.

मला बाहेर काढलं ते कीर्तनानं, रावांच्या मुलीनं. ती ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात आहे, दिवसभर नव्या कोऱ्या गाड्या बघते, तरी तिचा जीव माझ्यावर. मागच्या वर्षी रावांच्या छातीत स्टेंट घातला तेव्हा ते दवाखान्यात म्हणाले होते, "एकदां त्या हेराल्डमध्यें बसून बीचला जाऊंया." पोरीनं ते मनावर घेतलं. आयुधपूजेच्या आत मला उभं करायचं ठरवलं आणि अंबत्तूरच्या वसाहतीत नारायणस्वामींच्या शेडमध्ये आणून सोडलं. पत्र्याचं काम, इकडे त्याला टिंकरिंग म्हणतात, त्यात त्यांचं आयुष्य गेलेलं.

मग माझी सालं निघायला लागली. रंग सोडवणाऱ्या रिमूव्हरचा ब्रश फिरला की आधी थंड वाटतं, मग चुरचुरतं, आणि बघता बघता रंगाला सुरकुत्या पडतात. मग पातं लावून खरवडायचं. मरून गेला, साय गेली, निळा गेला. हिरवा निघताना मला रडू आलं, तो माझा जन्माचा रंग होता. डाव्या मडगार्डवर नारायणस्वामींनी लोहचुंबक धरलं तर ते चिकटेना, खाली पडलं. "इथे पत्रा कमी आणि पुट्टी जास्त," ते तमिळमधून म्हणाले आणि छिन्नी घेतली. पुट्टीचे ढलपे पडले, पांढरी धूळ उडाली, आणि जुना खळगा उघडा पडला. किती वर्षांनी त्याला हवा लागली.

उरलं एकच, कपाळावरचं टेंगूळ. कीर्तनानं हौसेनं माझा फोटो काढून घरी पाठवला. तासाभरात शेडच्या दारात ऑटो थांबली. सुंदरी उतरली, मागून काठी टेकत राव. ती सरळ माझ्यापाशी आली आणि तळहात टेंगळावर ठेवला.

"इथें कोणी हात लावूं नका म्हणून सांगतें मी."

"अम्मा, प्लीज," कीर्तना म्हणाली, "खाली सगळं सडलंय. तसंच रंगवलं तर एका पावसाळ्यात भोक पडेल. हेराल्डचं बॉनेट आता कुठे मिळणार? गाडीच जाईल."

"जाऊं दे."

ऐकलंत? जाऊ दे म्हणाली! मला वाटत होतं, ही बाई मला जपते. तेव्हा कळलं की तिनं मला कधीच जपलं नव्हतं. मी ज्यांना घेऊन जायची त्यांना ती जपत होती. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

पश्चिमेला आभाळ काळं होत होतं. ऑगस्टमध्ये इथे संध्याकाळी असा पाऊस चढतो. नारायणस्वामी आभाळाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत होते. उघड्या पत्र्याला या दमट हवेत एक रात्रही नको. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, आजच मारायला हवा, नाहीतर सकाळपर्यंत सगळ्या अंगाला तांबूस गंज धरणार. आणि प्रायमर मारायचा तर टेंगळाचं आधी काय ते ठरवा. मी अंगावर चिंधी नसल्यासारखी उभी, आणि ही माणसं बोलत बसलेली. चाकं असती तर तिथून पळाले असते. तीही काढून ठेवली होती.

"अगे सुंदरी," राव म्हणाले, "कुंकू काय, परत लावतां येतें की."

"तुम्हांला काय माहीत?" तिचा आवाज फाटला. "त्या दिवशीं मीच पुसलें होतें. ह्या हातानें. आणि दोन तासांत तो तुम्हांला न्यायला आला. रेडा दुसऱ्या कोणाचा असतो? परत गेला म्हणून समजलें मी. आतां तुमच्या छातींत नळी आहे, आणि मी परत पुसूं? मी नाहीं पुसणार."

राव काठीकडे बघत राहिले. डोळ्यातलं पाणी दिसू नये म्हणून तिनं मान वळवली, आणि तिची नजर माझ्या डाव्या मडगार्डवर पडली. खळगा तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. गॅरेजातून मी आले होते तेव्हा तो पुट्टीखाली गेला होता. उभा, सरळ, गोल. कणकेच्या गोळ्यात लाटणं दाबावं तसा.

तिनं त्यावरून बोट फिरवलं, वरून खाली.

"अहो. इकडे या."

राव आले.

"रेडा असा असतो?"

राव प्रायमरच्या डब्यावरची अक्षरं वाचू लागले.

"मी विचारतें तुम्हांला. रेडा कसा होता?"

"...खांब होता."

"आणि रेडा?"

"रेडा नव्हता, सुंदरी."

"मग खांबावर कां गेलां?"

"सांबाराचा डबा कलंडला," राव अगदी हळू म्हणाले. "सांडूं नये म्हणून वांकलों. सांबारासाठीं गाडी ठोकली म्हणून कसें सांगूं? ऑफिसांत हसले असते. आई तर... म्हणून रेडा म्हटलें."

नारायणस्वामींना मराठी येत नाही, पण सांबार समजला. त्यांनी चमकून वर पाहिलं. कीर्तनानं ओढणी तोंडात कोंबली.

सुंदरी हसली नाही. "इतकीं वर्षें," ती म्हणाली, "इतकीं वर्षें तुम्ही घरीं यायच्या वेळेला मी खिडकीपाशीं उभी. पांच मिनिटें उशीर झाला कीं गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन पाहत होतें. आणि तो रेडा तुमच्या तोंडांतून आला होता?"

मग तिनंच विचारलं, "सांबार सांडला?"

"अर्धा वांचला. दवाखान्यांत खाल्ला."

तिनं नारायणस्वामींकडे हात पसरला. पातं मागितलं.

नारायणस्वामींनी आधी टेंगळावर रिमूव्हर लावला. मग तिनं पातं टेकवलं आणि दोन्ही हातांनी जोर लावला. मरून रंग निघाला, खाली लाल गोल. तो निघाला, साय आली, तिच्याखाली आणखी एक. मग निळा, त्याखाली विटकरी पडलेला. प्रत्येक गोलापाशी ती थांबायची, रावांकडे एकदा बघायची आणि पुढे खरवडायची. शेवटी पत्रा लागला तर त्याची चाळणी झालेली. नारायणस्वामींनी तेवढा तुकडा कापला, नवा जोडला, मडगार्डला आतून ठोकळा धरून खळगा वर आणला, आणि शेडच्या पत्र्यावर पहिले थेंब वाजले तेव्हा माझ्या अंगावर शेवटचा प्रायमर बसत होता. मी जगले.

काल आयुधपूजा झाली. मी पुन्हा हिरवी आहे. केळीचे खुंट, लिंबं, सगळं साग्रसंगीत. सुंदरीनं नव्या कोऱ्या कपाळावर चंदनाचा गोल काढला, कुंकू लावलं, आणि दिवसभर त्याच्याकडे बघायचं टाळलं.

आज सकाळी बीचला जायचं ठरलं. राव माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसले, मांडीवर सुंडलाचा, फोडणीच्या चण्यांचा, डबा. या वेळी घट्ट धरलेला. सुंदरी ओलं फडकं घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर उभी राहिली, इतका वेळ की कीर्तनानं दोनदा हॉर्न वाजवायला हात नेला आणि मागे घेतला. मग तिनं डोळे मिटले आणि एका हातासरशी सगळं पुसून टाकलं. पुसलं आणि झटकन मान वर करून काचेतून आत पाहिलं.

राव सुंडल खात होते. तोंड भरलेलं, तरी त्यांनी हात वर केला.

"आहें मी," ते म्हणाले.

ती मटकन माझ्या बंपरवर टेकली आणि हसता हसता रडली. कीर्तना गाडी सुरू करायला उतावीळ, राव म्हणताहेत उशीर होतोय. पहिल्यांदाच मला कुठे जायची घाई नाही. एवढंच मागणं आहे: बसू द्या तिला. मलाही जरा उन्हात राहू द्या. कपाळ अजून ओलं आहे.