साडेसहाचं ताट

परभणीच्या घशाच्या डॉक्टरांनी आबांच्या नाकातून बारीक नळी घातली आणि पडद्यावर आम्हाला त्यांचा आवाज दाखवला. म्हणजे आवाज जिथून निघतो ती जागा. दोन पांढऱ्या पट्ट्या असायला हव्या होत्या, त्या लाल आणि सुजलेल्या होत्या. माझी चार महिन्यांची लेक सृष्टी माझ्या मांडीवर होती. मी तिचं तोंड भिंतीकडे वळवलं, जणू तिला कळणारच होतं.

"पोटातलं आम्ल वर येतंय आणि रोज इथं भाजतंय," डॉक्टर म्हणाले. "जळजळीवर काय घेता?"

"पुडी. पाण्यात फसफसती ती," आबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "कार्यक्रम असला की दोन. एक जेवायच्या आधी, एक जेवल्यावर. मंग काय बी खाल्लं तरी चालतंय."

"चालत नाही. चाललं असतं तर तुम्ही इथं आला नसता."

माझे आबा, सूर्यभान, गावच्या शाळेत शिपाई होते आणि भीमगीतांच्या गायन पार्टीचे मुख्य गायक. मानवतपासून जिंतूरपर्यंत जयंतीचा मंडप पडला की आधी आबांची तारीख घ्यायचे लोक. तीस वर्षं कार्यक्रम संपल्यावर रात्री बारा-एकला तिखटजाळ जेवण, वर चहा, वर तंबाखू, आणि तसंच जाऊन आडवं व्हायचं. जेवणाला नाही म्हणायचं नाही, हा त्यांचा नेम. ज्याच्या घरी गायचं, त्याच्या घरी पोटभर खायचं.

डॉक्टरांनी तीन महिन्यांचं पथ्य सांगितलं. गोळी सकाळी उपाशीपोटी, पण नुसत्या गोळीच्या भरवशावर राहायचं नाही. संध्याकाळी सातच्या आत जेवण आणि पुढचे तीन तास पाठ टेकायची नाही. चहा, तंबाखू, तेलकट, तिखट बंद. गाणं तर बंदच. "पाळलंत तर आवाज येईल. नाही पाळलंत तर तिथं वण धरेल. वणातून सूर निघत नाही."

त्याच संध्याकाळपासून मी आबांना ताब्यात घेतलं. माझ्या नवऱ्याला पुण्यात खोली मिळत नव्हती, म्हणून बाळंतपणानंतरही मी माहेरीच होते. बाजेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा घातल्या.

"मला काय मोंढ्यातलं पोतं केलंत का, उतारावर ठेवायला?" आबा म्हणाले.

"तीस वर्षं मी सांगितलं तवा ऐकलं न्हाई," आई, सत्यशीला, चुलीपाशी म्हणाली. "नाकात नळी गेली तवा ऐकायलेत. आधी म्हायती असतं तर मीच घातली असती."

सृष्टीचंही तेव्हा तेच चाललं होतं. दूध पाजलं की ती ओकायची, म्हणून तिला अर्धा तास खांद्यावर उभी धरायची. साडेसहाला आबांचं ताट: मऊ भाकर, दुधीची भाजी, फिक्कं वरण. मग आबा खुर्चीत ताठ बसलेले आणि त्यांच्या खांद्यावर सृष्टी, तीही ताठ. तिनं ढेकर दिला की ते म्हणायचे, "हिचं झालं. माझं कवा?" कमरेचा करगोटासुद्धा मी सैल बांधायला लावला. पोटावर काही काचायला नको होतं.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी मी मोरीत लंगोट धूत होते आणि अंगणातून सूर आला. गाणं नव्हतं. सृष्टीला खेळवताना आबा नुसते गुणगुणत होते. पण तो सूर वर चढला आणि फाटला नाही. ओला लंगोट तसाच हातात धरून मी उभी राहिले. माझा परकर सगळा भिजला. मी बाहेर गेले नाही, कारण मला बघून ते थांबले असते. या पोरीला तिच्या आजोबांचं गाणं ऐकायला मिळणार, एवढंच माझ्या मनात होतं. यापलीकडे मला काही नको होतं.

एप्रिलच्या शेवटी दिनकररावांच्या मुलाचं लग्न निघालं. गावातले मोठे जमीनदार. माझ्या आजोबांचं नाव लिंबाजी. त्या घरची माणसं त्यांना लिंब्या म्हणायची. लग्नाकार्याचं जेवण त्यांना मिळायचं ते गोठ्यामागं, सगळ्यांच्या पंगती उठल्यावर. आबा तेव्हा लहान होते, बापाच्या बाजूला बसलेले. आणि आता दिनकरराव स्वतः अंगणात येऊन पत्रिका देऊन गेले. "सूर्यभानराव, घरच्यासारखं यायचं."

राव. ते गेल्यावर आबांनी ती पत्रिका दोनदा वाचली.

मी त्यांच्यासोबत गेले. पिशवीत डबा घेतला होता. लग्न साडेबाराचं, लागलं अडीचला. पंगत बसायला साडेतीन वाजले. दिनकररावांनी आबांना हाताला धरून पहिल्या पंगतीत आपल्या शेजारी बसवलं, अगदी मांडीला मांडी लावून. समोर पुऱ्या, बुंदी आणि वर लाल तेल तरंगणारी वांग्याची भाजी. मी सृष्टीला कडेवर घेऊन मागून वाकले.

"आबा, डबा आणलाय."

"ठेव ती पिशवी," ते हळू म्हणाले. "यांच्या पंगतीत बसून घरची भाकर सोडू? लोक काय म्हणतील? सूर्यभानला यांचं चालंना, का यांना सूर्यभान?"

"आबा, निदान भाजी तरी…"

"काय झालं?" दिनकररावांनी विचारलं.

"काय न्हाई. पोरगी इचारायलीय, बुंदी गोड हाय का म्हणून."

पंगत हसली. वाढणारा पोरगा वाकला, "घ्या मामा, लाजायचं न्हाई." आणि आबांनी घेतलं. भाजी दोनदा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिखटाचं होतं की कशाचं, मी बघत बसले नाही. मी बायकांच्या बाजूला जाऊन बसले आणि सृष्टीला पदराखाली घेतलं.

एका ताटानं काही बिघडलं नसतं. पुढं डॉक्टरही तसंच म्हणाले. पण आमच्याकडे जयंत्या महिनाभर चालतात, एकेका गावाची वेगळी तारीख. आबा गात नाहीत हे माहीत होतं, तरी लोक त्यांना पाहुणा म्हणून न्यायचे. पहिलं बोलावणं आलं ते त्यांच्या पार्टीतल्या ढोलकीवाल्याचं, धम्मपालचं. मी म्हटलं, "तिथं तरी सांगा पथ्य आहे म्हणून. ती आपलीच माणसं आहेत."

"तेच तर, बाई. दिनकररावाकडं दोनदा वाढून घेतलं अन् धम्मपालच्या मायला पथ्य सांगू? तिनं काय समजावं?"

मी भरायला घेतलेला डबा परत मांडणीवर ठेवला.

मग एक गाव, दुसरं गाव. जेवायला बारा, परत यायला दोन, आल्या आल्या बाजेवर. कपडे धुताना सदऱ्याच्या खिशात पुड्यांचे फाटके कागद सापडायला लागले. मी ते आईला दाखवले नाहीत. एका ठिकाणी लोकांनी फारच आग्रह केला म्हणून दोन ओळी गायल्या, असं धम्मपालनंच सांगितलं. दुसरी ओळ पुरी झाली नाही, तर मंडपातल्या लोकांनी ती पुरी केली. मे संपेपर्यंत आबांचा आवाज सुकलेल्या पाचोळ्यावर पाय पडावा तसा झाला होता.

जूनमध्ये पुन्हा नळी घातली. डॉक्टर या वेळी रागावले नाहीत, त्यावरूनच मला कळलं. वण धरला होता. बोलता येईल, जपून. गाण्याचं मात्र विसरा, म्हणाले.

एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसली. मी आबांना विचारलं, "त्या दिवशी डब्यातलं खाल्लं असतं तर, असं वाटतं का?"

त्यांनी मांडीवरची औषधांची पिशवी सरळ केली. मग म्हणाले, "वाटायला पायजे, बाई. वाटत न्हाई."

आता आबा सगळं पथ्य पाळतात. चहा सुटला, तंबाखू सुटली. बोलावणी थांबलीत, त्यामुळं नाही म्हणायचा प्रश्नच उरला नाही. साडेसहाला ते आपणहून पाटावर येऊन बसतात. आईला हाक पोचत नाही, म्हणून वाटीवर चमचा वाजवतात. जेवल्यावर तीन तास खुर्चीत ताठ. जळजळ पार गेली, म्हणतात. मी रोज वाढते. नाही वाढलं तरी आता काय मोठं होणार आहे, असं मनात येतं, आणि मी वरण पुन्हा चाखून बघते, तिखट तर नाही ना.

काल जेवता जेवता त्यांचा फोन वाजला. जिंतूरकडचं कुणीतरी होतं, त्यांना काही माहीत नसावं. आबांनीच उचलला. "बोला, मी सूर्यभान."

पलीकडचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता. "आजोबा, जरा सूर्यभान मामांना द्या ना. कार्यक्रमाची तारीख पायजे होती."

"मीच हाय," आबा म्हणाले.

"न्हाई हो, ते गाणारे मामा. असतील तर द्या."

आबांनी फोन कानापासून काढला आणि माझ्या हातात दिला. "सांग त्यांना," ते म्हणाले, "घरी न्हाईत म्हणावं."

मी सांगितलं. आबांनी वरणात भाकर कुस्करायला घेतली.