ओंडक्यांचं वाळवण

फुकटचं काही दिसलं की दिगंबरला काय घेऊ आणि काय नको असं व्हायचं. वाळवंटातल्या चँडलर शहरात सेमीकंडक्टर कंपनीत मोठा इंजिनिअर, पण डोंगरातल्या त्यांच्या सुटीच्या केबिनशेजारच्या माणसाने वाळलेला पाइन पाडून 'लाकूड ने' म्हटलं, तर स्वारीने गाडीभर ओंडके आणून अंगणातल्या तीन उंच पाइनना टेकवून रचले.

मे महिन्यात फॉरेस्ट खात्याची लिंडा आली. तिने एका ओंडक्याची साल उचकटली, तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. समोरची अख्खी टेकडी ह्याच किडीने वाळून लाल झाली होती.

"महिन्याभरात ह्यांचे भुंगे उडतील आणि आधी तुमच्या झाडांत शिरतील," ती म्हणाली. "वणव्याच्या भीतीने जाळायला बंदी आहे. पारदर्शक प्लास्टिकखाली कडक उन्हात ठेवले तर मरतात, पण लोक कंटाळतात."

"केबिन विकूनच टाकू," दिगंबर म्हणाला.

"आधी घोळ घालायचा आणि मग विकायचं?" त्याच्या बायकोचा, मृणालिनीचा पारा चढला. चँडलरच्या भट्टीत आठवडा ती ह्या तीन झाडांच्या आशेवर काढायची. "बुलढाण्याच्या गच्चीवर पंधरा उन्हाळे वाळवणं घातलीत मी. ऊन कसं वापरायचं ते मला ठाऊक आहे."

तिने ओंडके उघड्यावर ओढून एका थरात मांडले, वर प्लास्टिक ताणलं, कडा मातीने लिंपल्या. दर दोन-तीन दिवसांनी ओंडके उलटवायचे, पुन्हा लिंपायचं. त्यासाठी ती केबिनवरच राहिली.

"मॉम, यू आर कुकिंग बग्ज," लेक दीपा फोनवर हसली.

शनिवारी दिगंबर आला. "पापड झाले का?" असं तो विचारतोय तोच सोसाट्याचा वारा सुटला आणि प्लास्टिकची एक बाजू फडफडत उठली. गार वारा आत शिरला तर सगळी मेहनत पाण्यात. दिगंबर इस्त्रीच्या पँटसकट त्या कडेवर आडवा पडला आणि मृणालिनी माती ओढेपर्यंत हलला नाही. तिचा निम्मा राग तिथेच उतरला.

जूनअखेर लिंडाने ओंडक्यांच्या साली काढल्या. एकात मेलेल्या अळ्या. दुसऱ्यात मेलेल्या. शेवटच्या ओंडक्याला मृणालिनी लिंडाच्या खांद्यावरून वाकली. त्यातही सगळ्या वाळून कोळसा झालेल्या. लिंडाने मान वर करून तिन्ही पाइन निरखले. शेंड्यापर्यंत हिरवेगार.

मृणालिनी बुंध्याला मिठी मारून चारचौघांत ढसाढसा रडली. जिंकलो आपण, एवढंच तिच्या मनात होतं.

लिंडाने ही गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितली, आणि पुढच्या रविवारी खालच्या रस्त्यावर घरोघरी ओंडक्यांवर प्लास्टिक चमकत होतं. मृणालिनी अंगणाअंगणांतून फावडं घेऊन हिंडत होती, चुकेल त्याला झापत होती, आणि मागून दिगंबर प्लास्टिकचं भेंडोळं खांद्यावर घेऊन ज्याला त्याला सांगत होता, "ती म्हणेल तसं करा."