भुताने धरलेली स्कूटर

मित्रांनो, सेक्टर दहामधल्या एका व्हरांड्यात वर्षानुवर्षे गळ्यात झेंडूचा हार घालून उभी असलेली जुनी स्कूटर म्हणजे मीच. हाराला भुलू नका. तो मानाचा नव्हता, भीतीचा होता.

नवी होते तेव्हा माझा रंग आकाशी होता. माझे मालक मारोतराव माझ्यावरून ड्यूटीवर जात, त्यांच्या पत्नी कमलिनीबाई मागे तिरप्या बसून बाजार करत. रविवारी पुसणे, तेलपाणी. लाड होते माझे, खोटे कशाला बोलू!

मग एका संध्याकाळी मारोतराव पिऊन निघाले आणि खुर्सीपार वस्तीच्या वळणावर त्यांनी मला सिंधुताईच्या भज्यांच्या गाड्यावर घातले. उकळते तेल तिच्या हातावर सांडले. लोक धावले, तसे मारोतराव शर्ट झटकत ओरडले, "पांढऱ्या साडीवाली आडवी आली! हँडलच धरलं न् माह्या गाडीचं!"

झाले. गोष्ट शहरभर फिरली. सिंधुताईच्या गाड्यापाशी भूत उभे राहते म्हणून गिऱ्हाईक तुटले, गाडा विकावा लागला. आणि भुताने धरलेली गाडी चालू कशी व्हायची? म्हणून मारोतरावांनी मला पुन्हा किकच मारली नाही. धडधाकट असून मी मेलेली ठरले. पाहुण्यांना ते मला दाखवत, आणि दर वेळी ती साडी जास्तच पांढरी होई. मी गंजत होते, दात-ओठ खात होते.

यंदा प्रांजली आली. शहरातल्या तोंडोतोंडी फिरणाऱ्या गोष्टी कुठून निघतात, याचा अभ्यास करणारी मुलगी. खुर्सीपारात तिला सिंधुताई भेटली होती. तिलाच सोबत घेऊन आली, शिवाय पेट्रोल आणि मिस्त्री.

"काका, एक बार चालू करून पाहू ना?"

"मेली हाय ते, पोरी."

"कावून नाही होत चालू?" सिंधुताई पुढे झाली. "सरका बाजूले, मारोतराव. तुमचं भूत मले काय करते? जे करायचं थे तुम्हीच करून बसले."

मिस्त्रीने प्लग साफ केला, पेट्रोल ओतले. सिंधुताईने भाजलेल्या हाताने हँडल धरले. पहिल्या किकेला मी मुद्दाम गप्प राहिले. हसू दे म्हटले मारोतरावांना पोटभर. दुसरीला अशी गरजले, की सगळा काळा धूर त्यांच्या तोंडावर!

"म्हंजे इतके वर्ष मले बी खोटंच सांगतलं?" दारातून कमलिनीबाई म्हणाल्या. मारोतराव तोंडावरची काजळी पुसू लागले. बाईंनी माझा हार तोडून फेकला. "सिंधुताई, घेऊन जा हे गाडी. तुमचीच हाय."

आता सिंधुताईचा नवा गाडा त्याच वळणावर लागतो आणि त्याच्या बाजूला मी. मित्रांनो, गाडीला वेळेवर तेलपाणी करा, आणि खोट्याच्या साक्षीला तिला उभी करू नका. आम्ही विसरत नाही.

प्रांजली म्हणते, अशी गोष्ट मरत नाही, नुसती बदलते. खरेच आहे. खुर्सीपारात आता पांढऱ्या साडीचे कोणी नाव घेत नाही. पोरगे जेवत नसले, की आया म्हणतात, "जेव बे मुकाट्यानं, नाही तं काळ्या तोंडाचा मारोतराव येईन."