गरुडाला तुरा

बाबांना जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील, म्हणून आता सांगायला हरकत नाही. ते असते तर हातोडा घेऊन माझ्या मागे लागले असते.

आमच्या काउंटीत मत द्यायला अक्षरओळख लागत नाही. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, त्यांच्याखाली पेन्सिलीनं फुली मारायची. डावीकडे कोंबडा, तो डेमोक्रॅटांचा. उजवीकडे गरुड, तो रिपब्लिकनांचा. पूर्वेकडचे पेपरवाले आम्हा कोंबडेवाल्यांना गाढव म्हणून काढतात आणि गरुडवाल्यांना हत्ती म्हणून, पण ते तिकडे. इंडियानात कोठाराच्या छपरावर कुणी गाढव चढवलेलं मी तरी पाहिलेलं नाही. कोंबडा चढवतात. आणि अर्ध्या काउंटीच्या छपरांवर वाऱ्याची दिशा दाखवत फिरणारे ते लोखंडी कोंबडे माझ्या बाबांनी, म्हणजे गिडियन हासलर लोहारांनी, घडवलेले. पाच टोकांचा तुरा, त्यातलं मधलं टोक जरा मागे कललेलं. दुसऱ्या कुणाचा कोंबडा असला तर रस्त्यावरून लगेच कळतं.

कोंबडाच का, तर म्हणे ऐंशी वर्षांपूर्वी आमच्याच एका पुढाऱ्याला वरून निरोप आला होता, 'आपण आपटणार असं दिसतंय, पण तू जोरात आरव.' तेव्हापासून पक्षाचं धोरण तेच. हरलो तरी आरवायचं. जिंकलो तर विचारूच नका, आठवडाभर कुणाला झोप नाही.

आमच्या घराण्याचं राजकारण मात्र कोंबड्यावर नाही, खेचरावर उभं आहे. यादवी युद्धात सरकारी फौज आमच्या शेतावरून गेली आणि आजोबांचं डॉली नावाचं खेचर घेऊन गेली. सरकार गरुडवाल्यांचं होतं. बाबा तेव्हा सतरा वर्षांचे. लोक गुलामगिरीवर बोलायचे, जकातीवर बोलायचे, चांदीच्या नाण्यावरून एकमेकांच्या उरावर बसायचे. आमच्याकडे एकच मुद्दा. "डॉली परत आणा," बाबा म्हणायचे, "मग बोलू." सत्तावन्न वर्षं झाली तरी डॉली आली नाही आणि बाबांची फुली कोंबडा सोडून कुठे गेली नाही.

आणि अशा माणसाच्या पोटी मी, ऑर्फा, जी एकोणीसशे वीस साली गरुडाखाली उभी राहिले.

हौस नव्हती हो मला. काउंटीच्या नोंदणी कचेरीत अकरा वर्षं मी मदतनीस होते. खरेदीखतं, गहाणखतं, शेताच्या हद्दी, सगळं माझ्या हातचं. नोंदणी अधिकारी आमच्याकडे मतांनी निवडतात; तेव्हा होते क्लेम ओव्हरबेक, कोंबड्याचे. ते नदीवर मासे धरायचे आणि शुक्रवारी येऊन सह्या करायचे. म्हातारे शेवटी थकले, आणि त्याच वर्षी आम्हा बायकांना मताचा हक्क मिळाला. मी मनात म्हटलं, काम मी करतेय तर खुर्चीत पण मीच बसेन. गेले कोंबडेवाल्यांच्या कमिटीपुढे. आठ पुरुष, आठ सिगार.

"ऑर्फाबाई," अध्यक्ष म्हणाले, "तुमच्याशिवाय कचेरीचं पान हलत नाही, हे आम्हाला मान्य आहे."

"मग द्या की तिकीट."

"म्हणूनच तर देत नाही! तुम्ही खुर्चीत बसलात तर काम कोण करणार?"

आणि हसले मेले. तिकीट दिलं क्लेमच्या पुतण्याला, ड्यूईला. वय बावीस. नकाशा उलटा धरून वाचणारा पोरगा. वर मला म्हणतो कसा, "काळजी करू नका मावशी, मी तुम्हाला कामावर ठेवीन." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच रस्ता ओलांडून गरुडवाल्यांकडे गेले. आमच्या काउंटीत तीस वर्षांत ते एकदाही जिंकलेले नव्हते, त्यांना उमेदवार म्हणून झाडाचा बुंधाही चालला असता. पाच मिनिटांत तिकीट मिळालं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते घेवडा आणि मक्याचा पाव खात होते. चमचा खाली ठेवला.

"कुणाखाली?"

"गरुडाखाली."

"डॉलीला नेणाऱ्यांच्या?"

"बाबा, डॉली मेली! ती जिवंत होती तेव्हाही लाथा मारायची, आजी सांगायची."

"आपली होती. आपल्याला लाथा मारायची."

पुढे आठ दिवस बोलणं बंद. नवव्या दिवशी स्वतःच म्हणाले, "तो ड्यूई... परवा घोड्याचा नाल घेऊन आला होता. उलटा धरून." त्या रात्री जेवणानंतर मी नमुन्याची मतपत्रिका टेबलावर पसरली. बाबांना वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं.

"हे बघा. वरच्या मोठ्या गोलात फुली मारली तर त्या रांगेतल्या सगळ्यांना मत. तसं करू नका. गोल कोरा सोडायचा. गरुडाखाली चौथं घर माझं. तिथे एकच फुली. बाकी कुणाला दिलं नाही तरी चालेल."

"गरुडाखाली," बाबा म्हणाले.

"चौथं घर."

"पण गरुडाखाली."

"हो बाबा, गरुडाखाली! मी काय त्याला उडवून लावू?"

त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "हा काय गरुड आहे? गिधाड आहे नुसतं. मान बघ. असं काम मी केलं असतं तर गिऱ्हाईकानं माझ्याच डोक्यात घातलं असतं." आणि उठून गेले. देईन म्हणाले नाहीत, नाही देणार असंही म्हणाले नाहीत. खरं सांगते, तोवर मला खुर्ची हवी होती. त्या रात्रीपासून मला ते एक मत हवं झालं. जगाची मतं मिळाली आणि बापाचं नाही, तर त्या खुर्चीत बसून करायचं काय?

मतदानाच्या दिवशी बाबा चर्चचा कोट घालून शाळेतल्या केंद्रावर आले. मी नियमाप्रमाणे लांब, कुंपणापाशी उभी. पडद्याआड गेले ते बाहेरच येईनात. एरवी अर्ध्या मिनिटाचं काम. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "गिडियन, अंडी उबवायला बसलास का रे?" सगळे हसले. दहा मिनिटांनी बाहेर आले ते घामाघूम, अंगठा पडद्याआडच्या निळ्या पेन्सिलीनं माखलेला. माझ्याकडे न बघता घरी गेले. मला वाटलं, झालं, शेवटी कोंबड्यालाच गेलं आणि म्हातारा आता तोंड लपवतोय. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की सांगायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल आला. देशभर गरुडाची लाट. राष्ट्राध्यक्ष गरुडाचा, गव्हर्नर गरुडाचा, जिकडे बघावं तिकडे गरुड. आख्ख्या देशात पडायला त्याला जागा मिळाली ती माझ्या चौथ्या घरात. ड्यूई दोन हजार तीनशे सोळा. मी दोन हजार तीनशे पंधरा.

एका मतानं! मी ओट्यापाशी उभी राहून बाबांना मनातल्या मनात लाखोली वाहत होते, तेवढ्यात मागच्या दारानं लेट्टी व्हॉइल्स आली. माझी शाळेपासूनची मैत्रीण, आणि आमच्या केंद्रावर गरुडवाल्यांची कारकून. गुप्ततेची शपथ घेतली होती तिनं, पण लेट्टीच्या पोटात काही राहत नाही.

"ऑर्फा, खाली बस. एक मत बाद केलंय."

"कुणाचं?"

"ऐक तर! गरुडाखाली चौथ्या घरात फुली. स्वच्छ, तुझ्याच नावापुढे. पण वरच्या गरुडाच्या डोक्यावर कुणीतरी तुरा काढलाय. चोचीखाली लोंबती लोळी काढलीय. मागे शेपटीला दोन वाकडी पिसं जोडलीयत. गरुडाचा पार कोंबडा केलाय गं! आणि तुऱ्याला टोकं किती, माहितीय?"

मी बसले.

"पाच," लेट्टी म्हणाली. "मधलं मागे कललेलं. दोन्ही पक्षांच्या पंचांनी एकदम बघितलं आणि एकदम म्हणाले, 'हा तर गिडियनचा!' जन्मात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं. मतदार ओळखू येईल अशी खूण असली की मत बाद, कायदाच आहे."

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. दहा मिनिटं! चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पडद्याआड उभा राहून, बोथट पेन्सिलीनं शत्रूला तुरा बसवत होता. मला मत देता यावं आणि कोंबडाही सुटू नये म्हणून.

"रडतेस काय? दावा लाव," लेट्टी म्हणाली. "ते मत पाकिटात जपून ठेवलंय. ते मोजलं तर बरोबरी होते, मग चिठ्ठी टाकतील. आपला वकील म्हणतो सोपं आहे. गिडियनला साक्षीला उभं करायचं. म्हणायचं, म्हाताऱ्याचा हात थरथरला, डाग पडला, खूणबीण काही नाही."

"डाग?"

"हो."

"बाबांनी भर कोर्टात सांगायचं की आपला तुरा म्हणजे हात थरथरून पडलेला डाग? आणि समोर अर्धी काउंटी बसलेली, ज्यांच्या छपरावर तो तुरा आहे?"

लेट्टी म्हणाली, "चार वर्षांची खुर्ची आहे, ऑर्फा."

"माहितीय मला किती वर्षांची आहे."

दाव्याचं नाव काढू नकोस म्हणून तिला घालवलं आणि भट्टीवर गेले. बाबा लोखंड ठोकत होते. मान वर न करता विचारलं, "कितीनं?"

"एका मतानं पडले."

हातोडा थांबला. बाबांनी लाल लोखंड पाण्यात घातलं, ते विझेपर्यंत बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता.

"माझं धरून? की माझं सोडून?"

त्यांनी मोजलं होतं: एकाच मतानं पडले, तर ते एक त्यांचंच असू शकतं. वाचता येत नव्हतं, पण एवढं बरोबर मोजलं होतं.

"तुमचं धरून, बाबा," मी म्हटलं. "तुमचं होतं म्हणून एकानं. नाहीतर दोनांनी पडले असते."

त्यांनी भला मोठा श्वास सोडला आणि ऐरणीवर बसले. रंग परत आला, आवाजही आला. "मग तुझे गरुडवाले कुठे मेले होते? आख्ख्या काउंटीत एक माणूस जास्त नाही मिळाला? मी येतो, त्यांना येववत नाही!" मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "कुणाला सांगू नकोस. मी त्या गिधाडाची जरा डागडुजी केली. फुकटात. वेळ फार लागला. पेन्सिल कसली देतात गं ती!"

"तुरा जमला का?"

"तुरा?" बाबा म्हणाले. "छपरावर लावला असता असा जमला."