एकवीस ठिकाणी

दोन. सात.

चाळीस दिवस. दीडशे दिवस.

अर्जदाराचे वय अर्जात बावन्न व दाखल्यात एकोणपन्नास दिसते. सबब अर्ज परत.

टाइपरायटरची फीत दोन रंगांची असते, वरची अर्धी काळी, खालची अर्धी लाल. तहसील कचेरीच्या कामात लाल लागत नाही. काळी विरून जाते तेव्हा लाल नवीकोरीच असते, आणि फीत फेकावी लागते.

"गल्याथाला कोणी मारलं?"

"दावीदानं."

"आणि?"

"आनी म्हंजे? मानूस एकदाच मरतो की, सर."

रत्नाबाई इंजेक्शनच्या सुया उकळायला ठेवायच्या आणि प्रभूची प्रार्थना म्हणायला लागायच्या. वीस वेळा झाली की सुया झाल्या. भिंतीवर घड्याळ होतं. पण घड्याळावर त्यांचा तेवढा विश्वास नव्हता.

मुळशी धरणाचं पाणी एका पावसाळ्यात आलं, असं कुशाबा सांगतो. तीन वर्षं चढत होतं, असं त्याची थोरली बहीण साळूबाई सांगते. दोघं एकाच बुडालेल्या घरातली.

•

"वाच," भिंगारदिवे सर म्हणाले.

नोव्हेंबर १९८१. पौडच्या आरोग्य केंद्रामागच्या दोन खोल्या. सर वेताच्या खुर्चीत, तोंड खिडकीकडे, कारण उजेड कुठल्या बाजूला आहे एवढंच त्यांना आता कळत होतं. साखरेनं डोळे नेले होते. आतल्या खोलीत त्यांची बायको रत्नाबाई केंद्रावर जायच्या गडबडीत होत्या. त्या तिथल्या नर्स. आणि समोरच्या स्टुलावर अलाउद्दीन, तहसील कचेरीच्या भिंतीला टेबल लावून लोकांचे अर्ज टाइप करणारा. त्याच्या हातात पुण्याच्या प्रकाशन मंडळाचं पत्र होतं.

त्यानं ते आधी मनाशी वाचलं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आपला ग्रंथ मिळाला," तो मोठ्यानं वाचू लागला. "आपण घेतलेले परिश्रम थोर आहेत. तूर्त कागदाच्या टंचाईमुळे छपाई करता येत नाही. पुढे अवश्य विचार करू. कळावे."

"थांब," सर म्हणाले. "तू अडखळला नाहीस."

"म्हंजे?"

"दुसऱ्याचं लिहिलेलं पहिल्यांदा वाचताना माणूस अडखळतो. तू घसरगुंडीवरनं आल्यासारखा आलास. हे पत्र तू वाचत नाहीयेस, अलाउद्दीन, रचतोयस. आता त्यात आहे ते वाच."

आतल्या भांड्यांचा आवाज थांबला.

अलाउद्दीननं खाकरून घेतलं.

"लेखकाने... शास्त्रातील विसंगतींविषयी पानेच्या पाने लिहिली आहेत. तथापि त्याने... शेजारी शेजारी दिलेल्या काळ्या व लाल उताऱ्यांत विसंगती मुळात दिसतच नाही. त्यातील आकडेही पवित्र शास्त्रातील आकड्यांशी जुळत नाहीत. लेखकाने मूळ ग्रंथ कधी... कधी उघडून पाहिला आहे काय, अशी शंका येते. प्रत परत पाठवीत आहोत."

सरांनी तोंड खिडकीकडून त्याच्याकडे वळवलं. मग म्हणाले, "पुन्हा वाच."

हे असंच हातात राहू दे. आधी थोडं मागं जायला हवं.

•

दोघांची गाठ कशी पडली, याच्या दोन हकिकती आहेत.

सर सांगत: १९७६ साल. ते एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत होते. शेजारी एक माणूस कुणाचा तरी अर्ज वाचत ओठ हलवत होता, आणि मधेच स्वतःशी म्हणाला, "हे दोन जनांनी लिवलंय." सरांनी अर्ज मागून घेऊन बघितला. खरंच दोघांनी लिहिला होता. वरचा भाग मास्तरानं, खालचा तलाठ्यानं. शाईही एकच होती. सरांनी गाडी सोडली.

अलाउद्दीन सांगतो: १९७७. पायात खिळा गेला म्हणून तो केंद्रावर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला गेला, तेव्हा नर्सबाईंनी विचारलं, "आमच्या ह्यांचं थोडं टाइप करून द्याल का?" थोडं म्हणजे किती, ते त्यानं विचारलं नाही.

अर्जाचं त्याला काहीच आठवत नाही. सरांना खिळा आठवत नसे. "असू दे," सर म्हणत. "दोन्ही ठेव."

सर मूळचे नगरकडचे, शांतवन भिंगारदिवे. तीस वर्षं पुण्यात होऊ घातलेल्या ख्रिस्ती पाळकांना हिब्रू आणि ग्रीक शिकवली. निवृत्तीनंतर बायकोची नोकरी पौडला म्हणून ते पौडला आले, आणि पुस्तक लिहायला बसले. अकरा अध्याय. विषय एकच: शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, जुनी पुस्तकं एका हातानं लिहिलेली नाहीत, हात ओळखायचे कसे. डोळे जायला लागल्यावर कागदावर लाकडी पट्टी ठेवून तिच्या कडेनं लिहायचे. ओळी एकमेकींवर चढायच्या. ते अक्षर दोघांनाच लागायचं, बायकोला आणि अलाउद्दीनला.

नोहाच्या पुराच्या अध्यायात सरांनी एकेका वाक्याचा हात वेगळा केला होता. एक हात काळ्यात टाइप करायचा, दुसरा लालमध्ये. काळ्यात नोहा प्रत्येक जनावराची एक जोडी नावेत घेतो. लालमध्ये शुद्ध जनावरांच्या सात. काळ्यात पाणी दीडशे दिवस. लालमध्ये चाळीस.

"मग खरं कंचं?" अलाउद्दीननं विचारलं होतं. त्यालाही लहानपणापासून नूह नबीची किश्ती ठाऊक होती. त्याच्या घरी हा हिशेब कुणी विचारला नव्हता.

"कुशाबाला विचार धरणाचं पाणी कसं आलं. मग साळूबाईला विचार."

"इचारायचं काय त्यात? कुशाबा तवा ल्हान हुता, त्याला खांद्यावर घिऊन पळाले. साळूबाईला वरच्या आळीला लगीन करून दिलंवतं, ती दर साली चार पावलं वर सरकायची."

"मग कोण खोटं बोलतंय?"

"कुनीच न्हाई."

"आता समज, तुला दोघांचं एकत्र लिहायचंय. काय करशील?"

"एकाचं ठिवीन. न्हाईतर लोकं हसतील."

"तो हसू देणारा माणूस होता," सर म्हणाले. "ज्यानं दोन्ही पूर एकत्र शिवले, त्याला दिसत नव्हतं का, की चाळीस आणि दीडशे जुळत नाहीत? चांगलं दिसत होतं. पण खोडायचा हक्क आपला नाही, असं त्याला वाटलं. त्याचं नावही आपल्याला माहीत नाही. मी आयुष्यभर त्या माणसाला शोधतोय."

आणि मग त्यांचा नेहमीचा नियम: दोन पाठ, म्हणजे एकाच मजकुराची दोन रूपं, सापडली, तर अवघड वाटतो तो बहुधा जुना. सोपा पाठ कुणीतरी नंतर, दयेपोटी केलेला असतो. शास्त्रातल्या एका पुस्तकात राक्षसासारख्या गल्याथाला दावीद राजा नव्हे, एलहानान नावाचा माणूस मारतो. मागाहून लिहिलेल्या पुस्तकात तोच एलहानान गल्याथाच्या भावाला मारतो. "हा भाऊ कुठून आला? एका लेखनिकाला दावीदाची लाज राखायची होती. त्यानं एक भाऊ जन्माला घातला."

रत्नाबाई हे ऐकत बसत नसत. कळशी घेऊन बाहेर जायच्या. एकदाच दारात थांबून म्हणाल्या, "अहो, तीस वर्षं मी ह्या पुस्तकावर हात ठेवून लोकांच्या लेकीबाळी बाळंतपणातून सोडवल्या. तुम्ही त्याचे टाके उसवताय." सर म्हणाले, "टाके बघतोय गं, उसवत नाही." त्या तोवर नळावर पोचल्या होत्या.

चर्चच्या मंडळीतले दोघं पूर्वी दर महिन्याला पुण्याहून भेटायला यायचे. ते यायचे बंद झाले.

•

पौड लहान आहे. चहावाल्या कोंडिबानं चार माणसांत विचारलं, "अला, तुज्या सायबाचा देव म्हनं पाढं चुकतो?"

लोक हसले. अलाउद्दीन कप तसाच ठेवून उठला.

घरी त्यानं बायकोला, दिलशादला, सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पाव्हन्याच्या सदऱ्याला भोक दिसलं तर आपन बोट दावतो का? तुमी तर मशीनवर बसून भोकंच मोजताय."

दुसऱ्या दिवशी तो नोहाचा अध्याय टाइप करत होता. काळ्या फितीत दीडशे उमटलं. लाल फितीत चाळीस टाइप करायची वेळ आली तेव्हा त्याची बोटं थांबली. अठरा वर्षं त्यानं एकच धर्म पाळला होता: अर्जात दोन ठिकाणी दोन आकडे गेले की तो परत येतो, आणि परत आलेल्या अर्जाचा माणूस दिवसभर स्टँडवर बसून राहतो. कोऱ्या कागदावर गरीब माणसाची उणीव झाकणं यालाच तो टायपिंग म्हणायचा. आणि सरांसारखा माणूस, दुसऱ्याच्या किताबाबद्दल कधी वेडंवाकडं न बोलणारा, त्यानं आपल्याच किताबाची लाज अशी उजेडात मांडावी?

त्यानं लालमध्ये दीडशे टाइप केलं.

हात सुटला तो सुटलाच.

•

"पुन्हा वाच," सर म्हणाले होते. अलाउद्दीननं पत्र दुमडलं.

"सर, ते मी केलं."

"काय?"

"आकडं जुळवलं. तुमचं बोलनं तसंच ठिवलं, खाली शास्त्रातलं लिवलेलं असायचं ना, तितं जुळवलं. लई वाईट दिसत हुतं. लोकं तुमाला हसत हुती."

"किती ठिकाणी?"

"एकवीस."

"मोजलंस?"

"तवा न्हाई मोजलं. आत्ता, तुमी पुन्हा वाच म्हनलात तवा मोजलं."

सरांनी टेबलावर हात फिरवून चष्मा शोधला आणि डोळ्यांवर चढवला. त्या चष्म्याचा त्यांना दोन वर्षं काही उपयोग नव्हता.

"म्हणजे तो भाऊ जन्माला घालणारा तूच," ते म्हणाले. "मी त्याला जेरुसलेमात शोधत होतो."

"मला शिव्या द्या, सर."

"शिव्या कशाला देऊ? मी त्याच्यावर एक अख्खा अध्याय लिहिलाय. त्याच्यावर मला कधी राग आला नाही." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मूळ ग्रंथ उघडून पाहिला आहे काय! हे वाक्य नसतं तर चाललं असतं, अलाउद्दीन."

मग त्यांनी मान आतल्या खोलीकडे वळवली. "रत्ना, पाठवायच्या आधी तुला ताडून बघ म्हटलं होतं ना मी?"

"कुठला आलाय वेळ," रत्नाबाई आतून म्हणाल्या. "त्या महिन्यात लसीकरण होतं. माण, घोटावडे, सगळं पायी." त्या पदर खोचत बाहेर आल्या, अलाउद्दीनच्या समोरचा रिकामा कप उचलला आणि म्हणाल्या, "अलाउद्दीनभाऊ, तुम्ही असं करायला नको होतं."

•

पुन्हा सुरुवात केली. अलाउद्दीन कचेरी सुटल्यावर यायचा, हस्तलिखित मोठ्यानं वाचायचा, अडखळत. सर मान हलवायचे. घरी जाऊन तो टाइप करायचा. फितीची काळी बाजू विरायची तोवर लालही विरलेली असायची. प्रकाशन मंडळाला सरांनी दोन पत्रं लिहवली. पहिल्याचं उत्तर आलं, की एकदा झालेला निर्णय बदलता येत नाही. दुसऱ्याचं आलं नाही. तिसरं पत्र लिहू का, असं अलाउद्दीननं विचारलं तेव्हा सर म्हणाले, "आधी पान तर खरं होऊ दे."

सातवा अध्याय चालू असताना सरांच्या पायाला साखरेमुळे झालेली जखम चिघळली. ऑगस्ट १९८२ मध्ये सर पुण्याच्या इस्पितळात गेले. शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "कुठवर आलं?"

अलाउद्दीनला 'संपलं' म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"सातव्याचं चौदावं पान," तो म्हणाला.

"बरं," सर म्हणाले.

पुण्यातल्या दफनभूमीत तो मागं उभा राहिला. माती देणं त्याला नवं नव्हतं. फक्त इथं किती मुठी द्यायच्या ते ठाऊक नव्हतं, म्हणून पुढच्या माणसानं दिल्या तेवढ्याच दिल्या.

•

त्यानंतर अलाउद्दीनचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. घोटावड्याची सगुणाबाई पेन्शनचा अर्ज घेऊन आली. एका जागी वय साठ, दुसऱ्या जागी पासष्ट.

"मावशे, ह्ये जुळंना."

"मग तू जुळीव की. तुला कशाला बशिवलाय हितं?"

"तू सांगशील त्येच मी लिवनार. माज्या मनानं न्हाई."

"आरं मला काय ठावं मी कवा जल्मली!"

"मग दोन्ही ठिवतो."

"आनी परत आला म्हंजे?"

"परत इल."

"मुडदा बशिवला तुजा," असं म्हणून सगुणाबाईनं कागद उचलला आणि पलीकडच्या नव्या टायपिस्टकडे गेली. तिचा अर्ज आठ दिवसांत मंजूर झाला. ते कळल्यावर अलाउद्दीन म्हणाला, "चांगलं झालं," आणि त्याला खरंच तसं वाटलं.

अकरावा अध्याय त्यानं जानेवारी १९८४ मध्ये संपवला. चारशे बारा पानं. त्यानं ती दोरीनं बांधली, एका शुक्रवारी नमाज झाल्यावर आरोग्य केंद्रामागं गेला आणि रत्नाबाईंच्या समोर ठेवली. त्या निवृत्त झाल्या होत्या. सामानाची बांधाबांध चालली होती, नगरला भावाकडे जायची.

"झालं, बाई. जसं हुतं तसं."

"ठेवा तिथं."

"एकदा ताडून बगाल का? तुमाला सरांचं अक्षर लागतं. माजा माज्यावर इश्वास न्हाई ऱ्हायला."

रत्नाबाईंनी पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. काळं, लाल, काळं. मग त्यांनी दोरी पुन्हा होती तशी बांधली, गाठ दोनदा मारली.

"तुम्ही केलंय म्हणजे बरोबरच असणार," त्या म्हणाल्या. "चहा टाकू?"

"नगं, बाई. टेबल उघडंच टाकून आलोय."

तो गेला. त्या दारात उभ्या राहून तो रस्त्याच्या वळणाआड होईपर्यंत बघत होत्या.

मार्च १९८१ मध्ये, प्रत पुण्याला पाठवायच्या आधीच्या आठवड्यात, रत्नाबाईंनी अकराही अध्याय हस्तलिखिताशी ओळ न् ओळ ताडून पाहिले होते. त्याला सहा दिवस लागले होते. एकवीस ठिकाणी त्यांचं बोट थांबलं होतं, आणि त्या पुढं गेल्या होत्या.